ठकूमावशीची करवंदं

मी करवंदं धुतली. गुन्हा एवढाच, पण ठकूमावशी तो मरेपर्यंत विसरली नाही. तीन आठवड्यांपूर्वी तिची लेक गोजरा माझ्या भोरच्या घरी आली, हातातली रिकामी टोपली खाली ठेवून म्हणाली, “मास्तर, आई गेली,” तेव्हा मला आधी आठवले ते माझे ओले हात…

करवंदं धुतली तेव्हा मी तरुण होतो, पासलीच्या शाळेवर नवा मास्तर. मावशीचा धनगरवाडा वर, डोंगराच्या खांद्यावर. गोजरा उत्रोलीला सासरी, पहिलटकरीण. पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता, आणि मागत होती ती फक्त माहेरची करवंदं. सुट्टीला मी उत्रोलीवरून पायी भोरकडं निघालो तशी मावशीनं टोपली माझ्या स्वाधीन केली. दव वाळल्यावर देठासकट खुडलेली, पळसाच्या पानांच्या थरांत सैल निजवलेली करवंदं. “वारं लागू द्या, मास्तर. थांबाल तितं सावलीत टांगा. बाकी हात लावू नका.”

मी पडलो आरोग्याचे धडे शिकवणारा! ओढ्यावर ती धुळकट, चिकट फळं मला बघवेनात. एकेक देठ काढून खळाळत्या पाण्यात धुतली आणि ओल्या पंच्यात गच्च बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका जांभळीखाली आडवा झालो. डोंगर निळे, डोळे जड, हवेत आंबटगोड वास… सगळं रान मला शाबासकी देतंय असं वाटलं. तो वास करवंदं आंबल्याचा होता.

उत्रोलीत पंचा सोडला, तर आत जांभळा चिखल. गोजरानं बोट लावलं, तोंड फिरवलं आणि रडायला लागली.

मी उलट पावली पासलीला गेलो. मावशीनं नवी करवंदं खुडून टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मी मुकाट मागं. दर थांब्याला ती टोपली फांदीला टांगायची आणि खाली बसून वर बघत राहायची. टोपली पाळण्यासारखी हलायची… उत्रोलीत गोजरानं ओंजळभर खाल्ली, आणि ती पोटात राहिली. मावशी तेव्हा कुठं माझ्याकडं बघून हसली.

तीच टोपली आता माझ्या ओसरीवर वाऱ्यानं हलते. तिला रानाचा, चिकाचा, मावशीच्या हातांचा वास आहे. काल तिच्यावर धूळ दिसली, म्हणून खाली काढली आणि तांब्या उचलला. नेमकी गोजरा दारात उभी.

“ठिवा तो तांब्या! केस पिकलं तुमचं मास्तर, पन अक्कल हाय तितंच हाय.”