समोरच्या गच्चीवरची मुलगी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचून झाल्यावर बहुतेक वेळा हसते. माझ्या वडिलांचं चाळीसगावला सायकलचं दुकान होतं. कुणी भानामती, झपाटलेलं झाड असलं काही सांगायला लागलं की ते म्हणायचे, "आधी चेन तपासा. सायकल उगाच अडत नाही." त्यांच्याच हाताखाली मी वाढले. त्यामुळे माझा कशावर विश्वास बसणं अवघडच.

तरीही एक गोष्ट आहे. तिच्यात स्मशान नाही, अमावस्या नाही, रात्रसुद्धा नाही. सगळं भर दुपारी घडलेलं. आणि त्यात जे काही दिसलं ते मला दिसलेलंच नाही... ते दुसऱ्याच कुणाला दिसलं.

१९८८ सालची गोष्ट. मी बारावीत होते. चाळीसगावला रेल्वे क्वार्टर्समध्ये एका गार्डची बायको राहायची, लखनौकडची. तिच्याकडे मी लहानपणापासून कथक शिकत होते. पुढे नृत्याचाच कोर्स करायचा, हे मी ठरवून टाकलं होतं. वडिलांनी मात्र काहीच ठरवलं नव्हतं. विषय काढला की ते दुकानात निघून जायचे.

आणि ऐन परीक्षेच्या आधी, थंडीत, मला टायफॉइड झाला. साधासुधा नव्हे, कित्येक आठवडे अंथरुणावर. डोक्याला सारखा घाम, केसांचा गुंता, म्हणून आईने एक दिवस कात्रीने केस अगदी मुलासारखे बारीक कापून टाकले. अंगात वडिलांचा जुना चौकड्यांचा शर्ट असायचा, बदलायला सोपा म्हणून.

दुपार झाली की ताप चढायचा. आणि ताप चढला की मला एकच स्वप्न पडायचं. मी एका उघड्या गच्चीवर नाचतेय. गच्चीच्या कोपऱ्यांतून लोखंडी सळया वर आलेल्या, पुढचा मजला चढवायचा राहून गेल्यासारख्या. हवेत पांढरं, भुरभुरणारं काहीतरी तरंगतंय. रुईच्या म्हाताऱ्या उडतात तसं. आणि पायाखालची जमीन गुणगुणतेय. घुंगरू नाहीत, तबला नाही, फक्त ती गुणगुण तळव्यांतून वर चढते आणि मी तिच्यावर नाचते. दम लागत नाही. गिरकी घेतली की ती संपतच नाही, सावकाश, पाण्यात घेतल्यासारखी... मग आईचा थंड हात कपाळावर यायचा आणि गच्ची विरघळून जायची.

बरी झाले. कशीबशी परीक्षा दिली. तापातलं स्वप्न कोण लक्षात ठेवतो? मीही विसरले.

ठाण्याच्या एका कॉलेजात नृत्याच्या पदवीला प्रवेश मिळाला. हॉस्टेल नव्हतं. शेवटी वडील म्हणाले, "भिवंडीला शकू आहे. तिच्याकडे राहा. एक वर्ष बघू. नाही जमलं तर परत येऊन डी.एड. कर." शकूआत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ती दरवर्षी माहेरी यायची, पण आम्ही कुणी भिवंडीला कधी गेलो नव्हतो. माझं आजारपणसुद्धा तिला नंतर, मी बरी झाल्यावर कळलं होतं.

जूनमध्ये ट्रंक घेऊन धामणकर नाक्यावर उतरले. आत्या घ्यायला आली होती. रिक्षाने कामतघरला गेलो. आत्याचं घर म्हणजे खाली पॉवरलूमचा कारखाना आणि वर खोल्या. आत्याचे यजमान, म्हणजे काका, सायझिंगमध्ये, सुताला खळ लावतात त्या कारखान्यात ड्युटीला होते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर चप्पल काढली आणि मी तिथेच थांबले. पायरी गुणगुणत होती.

"काय गं?" आत्या म्हणाली.

"आत्या, जिना हलतोय का?"

"अगं, खाली लूम चालू आहेत. होईल सवय. आता बंद पडले की मलाच झोप येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी छान ऊन पडलं. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. कोपऱ्यात सळया. हवेत सुताचे पांढरे तंतू तरंगत होते. हातातला ओला टॉवेल पिळायचा विसरून मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मला भीती वाटली नाही. उलट, खूप दिवसांनी स्वतःच्या घरी यावं तसं काहीतरी... आणि मग मी स्वतःला समजावलं, की भिवंडीत सगळ्याच गच्च्यांना सळया असणार.

तेवढ्यात समोरून टणटण आवाज आला. गल्लीपलीकडच्या घराच्या खिडकीत कुणीतरी गजांवर स्टीलचा पेला आपटत होतं. मग एका बाईने डोकं बाहेर काढलं. "ए लडकी! जरा नीचे आके हमारे घर आ ना. अम्मी बुला रही हैं. जल्दी!"

ती नसीमभाभी. भिवंडीतल्याच निजामपुऱ्यातून या घरात लग्न होऊन आलेली; माहेर उत्तरेकडच्या विणकरांचं, त्यामुळे बोलणं सगळं हिंदी-उर्दू. तिची सासू रुकय्याखाला, भिवंडीची जुनी कोकणी मुसलमान, आमच्यासारखंच मराठी बोलायची, इकडच्या ढंगाचं. तिला मागच्या दिवाळीच्या सुमारास अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली. हे सगळं आत्याने मला जिना उतरता उतरता सांगितलं, कारण तीही चकित होऊन माझ्याबरोबर निघाली होती.

खालाची खाट खिडकीला लागूनच होती. मला बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. शब्द जड, अडखळत येत होते.

"आलीस गो? किती वाट बघायची मी..."

मी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "खाला, ही माझी भाची. कालच आली चाळीसगावहून."

"काल?" खालाने डावा हात हलवला. "काल न्हाय. थंडीत येत व्हती रोज दुपारची. नाचायला. तवा केस न्हवते हिला, पोरासारखे कापलेले. आन् बापाचा शर्ट घालायची. चौकड्याचा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वाढले की गो केस. चांगली दिसतेस."

मी खाली फरशीवरच बसले.

नसीमभाभीने पाणी आणून दिलं, आणि मग तिने जे सांगितलं ते असं — झटक्यानंतर खालाने जगणं सोडूनच दिलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. खायला घातलं तर ओठ मिटून घ्यायची. आणि मग थंडीत एक दिवस दुपारी म्हणाली, मला खिडकीकडे वळव. शकूबाईंच्या गच्चीवर कोणी मुलगी नाचतेय. "मैं भाग के देखने गई. कोई नहीं! फिर रोज का हो गया. दोपहर हुई के अम्मी बोलती, घुमाओ मुझे, वो आएगी. उसको देखते-देखते खाना खाने लगी. डॉक्टर बोले, दिमाग़ पे असर है, होता है ऐसा. हमने कहा, खाती तो है ना... देखने दो."

"मग यायची बंद झाली," खाला म्हणाली. "मला वाटला, मेली."

घरी परतल्यावर आत्याने विचारलं, "विजू, केस खरंच कापले होते?" मी मान हलवली. त्यावर तिने देवापुढे दिवा लावला. संध्याकाळ व्हायलाही अजून अवकाश होता.

मी गच्चीवर जाणं सोडलं. कॉलेज सुरू झालं. एसटीने ठाणं, पुन्हा भिवंडी. कॉलेजातल्या मुली मुंबई-ठाण्याच्या, लहानपणापासून स्टेजवर वावरलेल्या. त्यांच्या बोलण्यातलं निम्मं इंग्लिश मला कळायचं नाही. नाचाच्या बाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "विजया, तुझं सगळं बरोबर असतं गं. पण तू मोजतेस. नाचत नाहीस." त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. डी.एड. काय वाईट, असं पहिल्यांदा वाटलं.

आत्याला ते कळलं असावं. एका दुपारी ती म्हणाली, "म्हातारी रोज खिडकीत बसून असते. तू घाबरतेस ते समजतं मला. पण तिला काय उत्तर देऊ? जा, पाच मिनिटं नाच. कुणी परीक्षा घेत नाहीये."

गेले. घुंगरू बांधले, वर्गात शिकवलेलं सगळं ओळीने नाचले. खिडकीत खालाचा चेहरा दिसत होता. संपल्यावर तिच्याकडे गेले, धापा टाकत.

"कसं झालं, खाला?"

"चांगला झाला. पन... ती न्हाय तू."

"म्हणजे?"

"तीच तू. पन ती येगळी नाचायची."

सांगते ते विचित्र वाटेल, पण मला स्वतःचाच हेवा वाटला. तापात पडलेली, कुठल्यातरी स्वप्नातली मी, आजच्या माझ्यापेक्षा चांगली नाचत होते — आणि तसं सांगणारी साक्षीदार समोर खाटेवर बसलेली! मी जवळजवळ रागाने विचारलं, "काय करायची ती वेगळं?"

खालाने आठवायचा प्रयत्न केला. "तिला ठावंच नसायचा कोन बघतंय. कायच घाई न्हाय तिला. आभाळाला काय घाई असतेय?"

तेव्हापासून मात्र मी रोज दुपारी जायला लागले. आधी नाचायचे, मग खालाशेजारी बसायचे. भाभी चहा करायची. खाला कधी तिच्या लग्नातलं सांगायची, कधी खाडीकाठच्या तिच्या माहेराचं. आईची आठवण तिथे जरा कमी व्हायची. ती दुसरी मुलगी दिसते का, असं मी कधी विचारलं नाही, आणि तिनेही विषय काढला नाही.

थंडी आली. कॉलेजला सुट्टी होती. आत्याने गच्चीवर गहू वाळत घातले होते, ते हलवायला मी वर गेले. घुंगरू नव्हते, नाचायचं मनातही नव्हतं. उन्हात बसले होते आणि एकदम वीज गेली. गल्लीतले, पलीकडच्या गल्लीतले, सगळे लूम एकापाठोपाठ थांबले. भिवंडीत असली शांतता क्वचित. कुठेतरी एक बाळ रडत होतं ते ऐकू आलं... मग तेही निजलं असावं.

आणि तरी माझ्या तळव्यांना गुणगुण लागत होती. मी फरशीवर हात टेकवून पाहिला. हाताला काही नाही. फक्त पायांना. मी उठले. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ऊन, तंतू, हात डोक्याच्या वर जाताना दिसलेला आणि जणू कितीतरी वेळाने खाली आलेला. मी काय नाचले, ते आजही मला कुणाला करून दाखवता येणार नाही. वीज आली, लूम धडधडले आणि मी थांबले. गव्हावरची सळयांची सावली पार दुसऱ्या टोकाला गेली होती.

खिडकीत पाहिलं. खाला आणि भाभी दोघी. भाभीने ओढणी तोंडावर धरली होती.

"आज आलीस गो," मी त्यांच्याकडे गेल्यावर खाला म्हणाली. एवढंच.

पहिल्या वर्षाच्या शेवटी बाईंनी माझ्या नाचण्यावर काहीच शेरा मारला नाही. फक्त दुसऱ्या वर्षीच्या कार्यक्रमात कोण कोण, ते सांगताना माझं नाव घेतलं. सुट्टीत घरी गेले तेव्हा मी घाबरत वडिलांसमोर उभी राहिले. ते म्हणाले, "ट्रंकेची कडी खिळखिळी झालीय. जाण्याआधी नीट करून देतो." त्यांच्या भाषेत तो होकार होता. पुढे मी कोर्स पूर्ण केला, लग्न होऊन नाशिकला आले, आयुष्यभर मुलींना नाच शिकवला.

पण खाला तो कार्यक्रम बघायला राहिली नाही. मी चाळीसगावला असतानाच, मे महिन्यात, ती गेली. परत आल्यावर भाभीने सगळं सांगितलं. सकाळपासून श्वास जड होता. दुपारी खाला म्हणाली, मला खिडकीकडे वळव, ती आलीय. भाभीने वळवलं. खाला बराच वेळ बघत होती, चेहरा निवांत. मग डोळे मिटले.

"तूने देखा होगा ना कुछ?" भाभीने मला विचारलं. "कोई सपना?"

मी आठवून आठवून पाहिलं. भाभीने तारीख सांगितली, त्या दुपारचं मला सगळं लख्ख आठवत होतं, कारण त्या दिवशी घरी पाहुणे जेवायला होते. जेवणं झाली, आईने भांडी आवरली, मी माजघरात आडवी झाले. ताप नव्हता, काही नव्हतं. गाढ झोप लागली. स्वप्न पडलं नाही. आईने हाक मारली तेव्हा दिवस कलला होता, आणि आई म्हणाली, किती हाका मारल्या गं तुला, हलवलं तरी उठेनास.

या सगळ्याचा अर्थ मी अनेकांना विचारला. ओळखीच्या एका डॉक्टरांनी मेंदूचं सांगितलं, आत्याने पूर्वजन्माचं. दोन्ही मला पटलं नाही, आणि माझ्याकडे तिसरं काही नाही. कुणी विचारलं, त्या दुपारी तू गच्चीवर होतीस का, तर मी नाही म्हणते. पण मी कुठे होते, हे मला सांगता येत नाही.