ओठांपुरतं जपानी

त्या दिवसांत मी एका जपानी माणसाला त्याच्या श्वासावरून ओळखायचे. बोलायच्या आधी तो नाकातून एक छोटा श्वास घ्यायचा. तेवढा ऐकला की बास, हा तोच. माणूस म्हणजे नट, आणि तोही फक्त आवाजाचा. त्याचा फोटो मी फार पुढे कधीतरी पाहिला आणि काहीच वाटलं नाही. बँकेत पासबुक भरून देणाऱ्या कारकुनासारखा दिसत होता.

जपानमध्ये ऐकायची प्रेमनाटकं निघतात, सीडीवर. आपल्याकडे रेडिओवर श्रुतिका लागायच्या, त्यांची लांबची बहीण म्हणा. पण श्रुतिकेत सगळी पात्रं बोलतात. मी ऐकायचे त्या नाटकांत एकटा पुरुषच बोलतो. बाईला वाक्यंच नाहीत, कारण बाई म्हणजे ऐकणारी. तो दार उघडतो, छत्री झटकतो, 'तादाइमा' म्हणतो, म्हणजे 'आलो गं'. मग काहीतरी विचारतो आणि थांबतो. तुम्ही काही बोललात असं धरून हसतो आणि पुढे बोलतो. त्यांचा माइक म्हणे माणसाच्या डोक्यासारखा असतो, दोन बाजूंना दोन कान असलेला. त्यामुळे इयरफोन लावला की तो तुमच्या डाव्या खांद्यामागून चालत उजव्या कानाशी येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बसल्या जागी मान वळवून मागे पाहिलं होतं. मागे आईच्या डब्यांची चळत होती.

हे वेड आलं अभ्यासातून. दादरला संध्याकाळचा जपानीचा वर्ग मी नेमाने करत होते. त्याच्याच जोरावर परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत मला नोकरी लागली. पंपांच्या माहितीपुस्तिका जपानीतून इंग्रजीत करायच्या. पंपांच्या जपानीत कोणी घरी येत नाही. झडप बंद करा, दाब तपासा, हात कोरडे ठेवा. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, असं पुस्तकी काय बोलतेस? हे ऐक, कान तयार होईल." आणि तिने मला एक सीडी दिली. ती ऐकून मी तिच्याकडे दुसरी मागितली, मग तिसरी, आणि शेवटी सगळी नाटकं एका एमपी-थ्री प्लेअरमध्ये भरून घेतली.

मी चाहती होते, यात वाद नाही. कोणता नट कोणत्या नाटकात आहे, कोण हळवं चांगलं करतो, कोणाला रागावता येत नाही, सगळं मला पाठ. इंटरनेटवर जगभरच्या मुली या नाटकांवर लिहायच्या. मी रडले, मला झोप लागली नाही, माझे हात थरथरले. मला यातलं काही होत नसे. तो कानाशी येऊन म्हणायचा की तू नसतीस तर मी काय केलं असतं, आणि मी मनात नोंद घ्यायची, 'नसतीस तर' असं म्हणतात होय. पाय बधिर झाला की आपण चिमटा काढून बघतो ना, तसं मी पुन्हा पहिल्यापासून लावून ऐकायचे. पाय काही जागा व्हायचा नाही. पण सवय लागली ती लागली.

घर परळच्याच चाळीत, एक खोली आणि स्वयंपाकघर. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्याकडे भिंती नावाला आणि कानच जास्त. वर्गातल्या बाई सांगायच्या की आवाजाच्या पाठोपाठ, सावलीसारखं, तेच वाक्य लगेच आपण म्हणायचं, त्याशिवाय जीभ वळत नाही. आता त्या खोलीत, आई भाजी चिरत असताना, 'मला तुझ्याजवळ बसू दे' हे कुठल्याही भाषेत मोठ्याने कसं म्हणणार? शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं असतं, बाय काय म्हणते गं? म्हणून मी आवाज गिळला. नुसते ओठ हलवायचे. ऑफिसातून आले, चहा घेतला, की कॉटवर भिंतीला टेकून बसायचं आणि त्याच्या मागोमाग सगळं ओठांतल्या ओठांत म्हणायचं. आई स्वयंपाकघरात. समोर खिडकीपाशी स्टुलावर बाबा. त्यांना ऐकूच येत नव्हतं, त्यामुळे त्यांची चिंता नव्हती.

बाबा विणकर होते. गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे जिथे शेकडो माग एकदम धडधडतात तिथे. त्या आवाजात कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. हळूहळू कान गेले, ओठ बघणं राहिलं. आमच्या घरात बाबांशी बोलायचं तर समोर यायचं. आणि त्यांना कळू द्यायचं नसेल तर पाठ फिरवायची. इतरांच्या घरी कुजबुजतात, आमच्याकडे पाठ फिरवायचे. आई भिंतीकडे तोंड करून, फोडणी देता देता, त्यांच्याबद्दल खुशाल मोठ्याने बोलायची. साऱ्या गॅलरीला ऐकू जायचं, एक त्यांना सोडून.

संप झाला तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. गिरणीच्या दारावरच्या सभेत सगळ्यांनी हात वर केले, तसा बाबांनीही केला. ते त्यांचं शेवटचं मत. गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. आई डबे करू लागली आणि घर चाललं. बाबा मिळेल तिथे उभे राहिले, कधी हमाली, कधी कोणाच्या दुकानात, मग तेही थांबलं. चाळीतले लोक गमतीत म्हणायचे, "हात दाखवून अवलक्षण." बाबा ते ओठांवरून वाचायचे आणि हसायचे. मात्र त्यानंतर कशालाही त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. माझी शाळा, आईचा धंदा, गावच्या घरातला वाटा, काहीही विचारा, ते आईकडे बोट दाखवायचे. "तिका विचार." मला लहानपणी या माणसाचा फार राग यायचा. पुढे तोही येईनासा झाला. घरात कोणाला काय हवं हे विचारायची पद्धतच उरली नव्हती, आणि न विचारता हवं-नको वाटण्याइतकी मी हुशार नव्हते.

तिशी जवळ आली तेव्हा आईने एक स्थळ आणलं. मुलगा शिवडीला बंदराच्या गोदामात कारकून, मूळचा आमच्याच तालुक्यातला. त्याला नावं ठेवायला मला काही जागा दिसत नव्हती. आईने विचारलं, "बघूया मां?" मी म्हटलं बघूया. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. हो म्हणायला काही लागत नाही.

रविवारी सकाळी ते आले, मुलगा आणि त्याचे मामा. कांदेपोहे झाले. मामा बोलके होते. लग्नानंतर बदलापूरला राहावं लागेल, चालेल? मी म्हटलं, हो. तिथून नोकरी झेपणार नाही, सोडलीत तरी आमची हरकत नाही. हो. मुलाची आई आजारी असते, तिचं बघावं लागेल. हो. मुलाने एकदाच तोंड उघडलं. "जपानी येतं तुम्हाला, ते नंतर काय कराल?" मी म्हटलं, "काही नाही." तो बरं म्हणाला. मला आठवतं, मी बोलत होते आणि माझाच आवाज मला पंपाच्या पुस्तिकेसारखा ऐकू येत होता.

बाबा स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते. आई पेढ्यांचा पुडा सोडायला लागली. मामांनी शिष्टाचार म्हणून बाबांकडे वळून ओरडून विचारलं, "मग, तुमचं काय म्हणणं?"

आई म्हणाली, "तेंचा काय, आमीच ठरवतो सगळा."

"नाय," बाबा म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. गॅलरीत उभं असलेलं कोणीतरी आत डोकावलं. "ह्या जमाचा नाय."

मामा गांगरले. "अहो, पण मुलगी तर हो म्हणाली!"

"चेडू म्हणाला. पण तेच्या मनात नाय," बाबा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

एवढंच. पुढे कोणी कितीही विचारलं तरी ते बोलले नाहीत. मुलगा शांतपणे उठला, मला नमस्कार केला, चपला घातल्या. त्याचा अपमान झाला होता आणि तो त्याने नीट सांभाळला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ते जिना उतरले तशी आई उभी राहिली. तिने पाठ फिरवली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती असलं काही बोलताना बाबांच्या अगदी समोर उभी होती, प्रत्येक शब्द त्यांना दिसेल अशी.

"एकदा हात वर केलात, घर खाली इला," ती म्हणाली. "आज तोंड उघडलात, आता चेडू घरात बसतला."

बाबांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा हलला नाही. आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि भांडी आपटायला लागली.

मी कॉटवर बसले होते. थोड्या वेळाने बाबांनी स्टूल ओढून माझ्यासमोर आणलं. बोलले ते आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, साचाखात्यात बोलत तसं. "कधी येतलो तो?"

"कोण?" मीही ओठांनीच विचारलं.

"तू रोज संध्याकाळी ज्याच्याशी बोलतस तो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ऐकू येणाऱ्यांपासून आवाज लपवला होता, आणि जो माणूस आयुष्यभर ओठांवरच जगला त्याच्यासमोर रोज तासभर तोंड हलवत बसले होते. लाजेने माझे कान तापले. मी म्हटलं, ती ऑफिसची भाषा आहे.

"भाषा ऑफिसची असात," बाबा म्हणाले. "तोंड ऑफिसचा नाय."

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. त्यांना शब्द एकही कळला नव्हता. पण मी विचारते, थांबते, हळू बोलते, कोणाची तरी वाट बघते, हे दिसत होतं. असं माझं तोंड त्यांनी घरात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ठरवलं की माणूस लांब आहे, परदेशात असेल, फोनवर बोलत असेल. आईला सांगायला मी घाबरत असेन. म्हणून त्यांनी आज नाही म्हटलं. त्या माणसासाठी जागा ठेवली.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कितीतरी वर्षांनी या माणसाने एका गोष्टीच्या बाजूने हात वर केला, आणि ती गोष्ट नव्हतीच. खोटं बोलावं असं मनात आलं. येईल म्हणावं, पुढच्या वर्षी येईल. पण मग ते रोज वाट बघत बसले असते, आणि ते मला समोर बसून बघवलं नसतं.

"बाबा, तो नाय," मी म्हटलं. "कोणीच नाय. नाटक आसा ता. रेडिओवर लागायचा तसा. मी नुसती त्याच्या मागून बोलतंय. शिकाक."

त्यांनी माझे ओठ पाहिले. पुन्हा म्हण, अशी खूण केली. मी पुन्हा म्हटलं. ते खाली बघत बसले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, आणि ते हात बघताना मला पहिल्यांदा भीती वाटली की हा माणूस आता पुन्हा कधीही काही बोलणार नाही.

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता.

मग त्यांनी मान वर केली. "म्हणजे माझा परत चुकला," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. आणि लगेच काहीतरी आठवल्यासारखं विचारलं, "पण ह्यो पावनो? ह्यो तुका होयो होतो?"

असं मला कोणी विचारलं नव्हतं. आईने बघूया का विचारलं होतं. मामांनी चालेल का विचारलं होतं. हवा होता का, हे नव्हतं विचारलं. मी उत्तर शोधायला लागले तर ते तिथेच होतं, बहुतेक पोह्यांच्या आधीपासून. बदलापूर नको होतं. नोकरी सोडायची नव्हती. त्या माणसाचं 'बरं' मला नको होतं.

"नको होतो," मी म्हटलं. हे मी आवाज काढून म्हटलं, चांगलं मोठ्याने, आणि म्हणता म्हणता माझे डोळे भरून आले.

"तुकाच नको होतो?"

"माकाच नको होतो, बाबा."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. एवढं निरखून त्यांनी मागावरचा धागासुद्धा पाहिला नसेल.

"मग माझा चुकला नाय," ते म्हणाले. आवाज पुन्हा गॅलरीभर गेला. स्वयंपाकघराच्या दाराशी आई येऊन उभी राहिली होती, तिच्याकडे वळून त्यांनी ते पुन्हा सांगितलं. "चुकला नाय माझा."

पाहुण्यांसाठी घातलेला इस्त्रीचा शर्ट बाबांनी काढला, खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून कॉटवर आडवे झाले. संपानंतर मी त्यांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. दिवसा झोपायचं ते रात्रपाळीवरून आलेल्या माणसाने, असं ते म्हणत. पाच मिनिटांत ते घोरायला लागले.

मी भांडी उचलायला गेले. एक वाटी हातातून निसटून खणकन पडली. आई धावत आली, तोंडावर बोट ठेवून, आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाली, "झोपांदे तेंका."