हात लागल्याशिवाय खूण नाही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या नशिबी लिफ्टचं सुख नसतं. लिफ्ट बंद पडते तेव्हाच त्याला बोलावतात, आणि यंत्राची खोली असते थेट गच्चीवर. आपल्या गोष्टीतली लिफ्टवाली अकरा वर्षं अशीच हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जिने चढत आली होती. वय चौतीस, अंग काटक, जीभ तिखट. पंधराव्या मजल्यावर पोचल्यावर तिला धाप लागायची नाही, पण खाली उभं राहून "अजून किती वेळ?" विचारणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र लागायची.

कामाच्या बाबतीत ती नाकावर माशी बसू द्यायची नाही. हे वळण लावलं तिच्या उस्तादांनी. प्रत्येक यंत्रखोलीत एक देखभालीचं कार्ड टांगलेलं असतं: ब्रेक तपासला, दोर तपासले, दारं तपासली, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. कामाला लागली त्या वर्षी तिने लिफ्टखालच्या खड्ड्यातला दिवा न बघताच खूण करून टाकली होती. उस्तादांनी काही न बोलता तिला चौदा मजले उतरवलं, दिवा बघायला लावला आणि परत चौदा मजले चढवून आणलं. दिवा चालू होता. "चालू होता ना!" ती फणकारली.

"होता. पण तुला ठाऊक नव्हतं," उस्ताद म्हणाले. "हात लागल्याशिवाय खूण करायची नाही. आणि चुकलं तर खोडरबर घ्यायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, शेजारी सही करायची. काय चुकलं होतं ते खालून वाचता आलं पाहिजे."

तर अशी ही बाई नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली. नवरा चष्मेवाला, म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारा. दिवसभर स्टुलावर बसायचं, दुपारी एक आणि संध्याकाळी एक सिगारेट ओढायची, बाकी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपण फक्त सोबतीला आलोय अशा थाटात तो दवाखान्याच्या खुर्चीत रेलला होता.

"मूल हवंय ना, मग तीन महिने आधीपासून तयारीला लागा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज. चहा किती घेता?"

"सात."

"दोनवर या. जेवण वेळेवर, झोप पुरेशी. व्यायाम?"

"रोज चाळीसेक मजले."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं. "व्यायाम पुरे," त्या म्हणाल्या आणि चष्मेवाल्याकडे वळल्या. "तुम्ही कशाला हसताय? तुमच्या बाजूची तयारीही तीन महिन्यांचीच असते. सिगारेट बंद, रोज चालणं सुरू. आणि दोघांनीही मनातलं मनात ठेवू नका, रोज थोडं बोलत जा. बरं, आधी कधी दिवस गेले होते?"

"गेल्या वर्षी," लिफ्टवाली म्हणाली. "दोन महिन्यांनी राहिलं नाही." एखाद्या इमारतीची तक्रार नोंदवावी तशा आवाजात तिने हे सांगितलं.

"त्याबद्दल काही विचारायचंय?"

"नाही."

खरं तर विचारायचं होतं. एकच प्रश्न होता, आणि तो वर्षभर तिच्या छातीवर बसून होता. त्याचं उत्तर 'हो' आलं तर पुन्हा आई व्हायची हिंमत आपल्याला होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने पिशवी उचलली आणि बाहेर पडली.

घरी पोचताच तिने देखभालीचं कार्ड बनवलं. सात ओळी: गोळी, जेवण, चहा, झोप, चालणं, सिगारेट आणि शेवटची, 'मनातलं बोललो'. रकाने दोन, एक तिचा, एक त्याचा. कार्ड फ्रिजच्या दारावर लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पट्टीने आखलेला तिसरा रकाना हजर. हा सासूबाईंचा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून देऊन त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि घरात काही चाललंय नि त्यांना जोडलेलं नाही हे त्यांना खपायचं नाही.

"तुझं काय यात, आई?" चष्मेवाल्याने विचारलं.

"उद्या ते धावायला लागलं की मागे कोण धावणार? तुम्ही दोघं तर कामावर. माझे गुडघे आत्तापासून तयार नकोत?"

आणि घर तयारीला लागलं. चहा सातावरून दोनवर आला, त्या आठवड्यात दोन सेक्रेटरी आणि एक रखवालदार उगाचच तिच्या तोंडी लागून भाजून निघाले. पूर्वी काम आटपेपर्यंत ती डबा उघडायची नाही. आता एकच्या ठोक्याला यंत्राला कुलूप घालून, हात साबणाने तीनदा धुऊन, ती गच्चीच्या पायरीवर पालेभाजी आणि मोड आलेली कडधान्यं चावत बसायची. अपरात्रीची बोलावणी तिने एका सहकाऱ्याच्या गळ्यात घातली आणि बदल्यात त्याच्या रविवारच्या पाळ्या घेतल्या. चष्मेवाला दुकानातून चालत घरी यायला लागला. सिगारेटऐवजी तो लवंगा चघळायचा, त्यामुळे गिऱ्हाइकं त्याला दातदुखीवर औषधं सुचवायची. सासूबाई रोज कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन येत आणि आल्याबरोबर, चपला काढायच्या आधी, आपली खूण करत.

नऊ आठवडे असे गेले. एका सुट्टीच्या सकाळी लिफ्टवालीने भरलेलं कार्ड नवं लावायला उतरवलं आणि सवयीने त्यावरून नजर फिरवली. नजर एका जागी अडली. नवऱ्याच्या रकान्यात, सिगारेटच्या ओळीत, गेल्या आठवड्याच्या सात खुणा. एकाच शाईच्या, एकाच कलाच्या. रोज केलेली खूण कधी घाईची असते, कधी झोपेतली. या साती जणी एका बैठकीत जन्मल्या होत्या.

"बुधवारी किती ओढल्यास?" तिने विचारलं.

चष्मेवाल्याच्या तोंडातली लवंग थांबली. "एक. म्हणजे अर्धीच."

"आणि गुरुवारी उरलेली अर्धी?"

"हे बघ, नऊ आठवड्यांत एकच आठवडा चुकला. तू तर अशी बघतेस जसं काही मी..."

"चोर तो चोर, वर शिरजोर! मी एकटीनेच तयारी करायची का? इथे मी चहासाठी तडफडतेय, आणि तू दुकानामागे धूर सोडून वर खुणा करतोस? आमच्याकडे अशा खुणांनी माणसं पडतात खाली!"

त्याने तिच्या हातातलं कार्ड घेतलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "माझ्या सात खोट्या. कबूल. आता ही तुझी ओळ बघ."

'मनातलं बोललो.' तिच्या रकान्यात त्रेसष्ट खुणा होत्या.

"यातल्या किती खऱ्या?" त्याने हळूच विचारलं. "नऊ आठवड्यांत तू मला ब्रेक झिजल्याचं सांगितलंस, दोर बदलल्याचं सांगितलंस, सेक्रेटरी डोकं खातो ते रोज सांगितलंस. गेल्या वर्षाबद्दल एक शब्द तरी?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला, आणि सकाळीच चालून आलेल्या सासूबाई चपला घालत म्हणाल्या, "मी जरा चालून येते." दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

ती फ्रिजला टेकून फरशीवरच बसली. "मी मोटर उचलली होती," ती म्हणाली. "उस्ताद निवृत्त झाल्यानंतरचं पहिलं मोठं काम. पाच माणसं हवी होती, चारच आली. मी हात लावला. आणि तिसऱ्या दिवशी... मीच घालवलं रे ते. मी घालवलं."

तो तिच्याशेजारी येऊन बसला. "मला वाटायचं माझ्यामुळे," तो म्हणाला. "सिगारेटमुळे."

"आणि तरी ओढतोस?"

"ते आठवलं की ओढतो."

हे इतकं वेडगळ होतं की ती रडता रडता हसली, आणि हसता हसता तिचं रडणं जास्तच वाढलं. वर्षभर एकाच घरात दोघांनी एकच ओझं वेगवेगळं वाहिलं होतं, आणि दोघांनीही दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरबाईंसमोर बसली आणि तो एक प्रश्न तिने विचारला.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतक्या लवकर जातं तेव्हा बहुतेक वेळा मुळात गर्भाची घडणच नीट झालेली नसते. तुम्ही मोटर उचलली म्हणून गेलं, असं मी म्हणणार नाही. यांच्या दोन सिगारेटींच्या माथीही मारणार नाही. पुढच्या वेळी जड उचलू नका, यांनी धूर कायमचा सोडावा. पण मागचं खापर स्वतःवर फोडून घेऊ नका."

"नक्की?" लिफ्टवालीने विचारलं. दोर तपासताना ती दोनदा ओढून बघायची.

"नक्की. त्या दिवशीच का नाही विचारलंत?"

"'हो' म्हणाला असतात तर पुन्हा हिंमत झाली नसती."

"आणि आता?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आता आहे," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने जुनं कार्ड टेबलावर पसरलं. आधी चष्मेवाल्याने आपल्या सात खुणांवर रेघ मारली आणि शेजारी सही केली. मग तिने पट्टी घेतली आणि त्रेसष्ट खुणांवरून एक लांब, सरळ रेघ ओढली. खालच्या खुणा वाचता येत होत्या. तिने सही केली. सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मुकाट्याने पेन घेतलं आणि आपल्या रकान्यातल्या दोन खुणांवर रेघ मारली. "त्या दोन दिवशी फाटकापर्यंतच गेले होते," त्या म्हणाल्या. "गुडघा फार ठणकत होता."

मग लिफ्टवालीने फ्रिजवर नवं कार्ड लावलं, तारीख घातली आणि शेवटच्या ओळीत, आपल्या रकान्यात, पहिली खूण केली.

सासूबाईंनी चष्मा नाकावर चढवून ती जवळून पाहिली. "वाकडी आलीय गं."

"हो," ती डोळे पुसत म्हणाली. "हात लागलाय ना, म्हणून."