वायरवॉच

मी देवाला हात जोडते ते आईच्या समाधानासाठी. आत्मा, संकेत... यातलं काही मला पटत नाही, आजही नाही. तरी लिहितेय, कारण संताप उतरत नाहीये.

सांगलीत विश्रामबागला आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस. सर धरून सहा जण. एका रक्तपेढीसाठी आम्ही सॉफ्टवेअर केलं होतं – रक्ताच्या पिशव्यांच्या फ्रीजचं तापमान वाढलं की तिथल्या लोकांच्या मोबाईलवर अलार्म जायचा. माझ्या शेजारी बसणाऱ्या संपदानं त्यातली चूक पकडली. सेन्सरची वायर तुटली तर स्क्रीनवर शेवटचं तापमान तसंच दिसत राहायचं. मग फ्रीज बंद पडला तरी अलार्म नाही. तिनं मीटिंगमध्ये दोनदा सांगितलं. सर म्हणाले, "कस्टमरनं मागितलंय का? मग नसतं काम कशाला काढतेस?"

नंतर काही दिवसांनीच संपदा स्कूटरच्या अपघातात गेली.

दोन महिन्यांनी नवं व्हर्जन द्यायचं होतं. सकाळी कम्पाइल केलं, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करायला घेतला, आणि एरर आली – 'वायरवॉच' हा रेफरन्स सापडत नाही, म्हणजे प्रोग्रॅम त्या नावाची फाईल मागतोय आणि ती नाही. असलं काही आमच्या कोडमध्ये नव्हतंच. सगळा प्रोजेक्ट धुंडाळला... एकही ओळ नाही. नुकत्याच फॉरमॅट करून कोऱ्या केलेल्या दुसऱ्या मशीनवर घेतलं, तीच एरर. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला साधं कम्पाइल करता येत नाही?"

नाव वाचून मला संपदाचं ते वायरचं बोलणं आठवलं. शनिवारी एसटीनं साताऱ्यावरून मेढ्याला तिच्या घरी गेले. वडील फौजेतून रिटायर झालेले. तिचा स्वतःचा लॅपटॉप त्यांनी पुढ्यात ठेवला. "बघ पोरी. तिच्यामागं कुनी हात लावला न्हाई."

चार्ज करून उघडला. त्यात 'वायरवॉच' नावाचं फोल्डर होतं. वायर तुटली की लगेच अलार्म देणारा कोड, पूर्ण लिहिलेला. तारीख तिच्या अपघाताच्या चार दिवस आधीची. तिनं तो कुणालाच पाठवलेला नव्हता.

सोमवारी तो घातला. पहिल्या फटक्यात कम्पाइल. सर म्हणाले, "काढ ते." काढला – एरर. घातला – चाललं. त्यांच्यासमोर तीन वेळा केलं. शेवटी तसंच व्हर्जन दिलं.

थंडीत उंदरांनी त्या फ्रीजच्या मागच्या वायरी कुरतडल्या, सेन्सरचीसुद्धा. अलार्म गेला, पिशव्या वेळेत हलवल्या. आभार मानायला फोन आला तेव्हा सर म्हणाले, "आमच्या टीमनं आधीच विचार केला होता."

मी जागेवरून उठले. "संपदानं केला होता, सर. तुम्ही नको म्हणाला होतात." ऑफिसात कुणी मान वर केली नाही.

पुण्यातल्या जाणकार मित्रांना विचारलं. जुनी फाईल कुठंतरी राहिली असेल म्हणतात. कोऱ्या मशीनवर कुठून राहील? आणि जी फाईल ऑफिसात कधी आलीच नाही, तिचं नाव तिथं कुणी मागितलं? मला अजून माहीत नाही.

सरांना बोलले त्याच संध्याकाळी संपदाच्या वडिलांना फोन करून सगळं सांगितलं.

"तिनं सायबाला सांगितलं हुतं?"

"दोनदा, काका."

"आन् तू हुतीस तिथं?"

"होते."

"मग तू काय म्हनालीस?"