नानांचं शेवटचं कडवं

नानांचं नाव मी मुद्दाम गाळलं होतं. कडवं विसरलो, असं इतकी वर्षं सांगत आलो, ते खोटं होतं.

परवा धुळ्यात मुलीच्या कॉलेजच्या नाटकाला गेलो. रंगपटात मिशा चिकटवायच्या डिंकाचा वास आला आणि मी थेट भडगावच्या आमच्या जुन्या नाटकमंडळीत पोचलो. नाना आमच्या संगीत नाटकांची गाणी लिहायचे आणि मी नायक म्हणून ती गायचो. पायाने ठेका धरत आधी चाल गुणगुणायचे, मग शब्द यायचे. शेवटच्या कडव्यात ते आपलं नाव गुंफायचे. जाहिरातीत ते नाव कधीच नसे, असे ते फक्त त्या कडव्यात.

तेव्हा मंडळीच्या धुळ्यातल्याच एका प्रयोगात मी नेमकं तेच कडवं सोडलं. गाणंही माझंच आहे असं लोकांना वाटावं, म्हणून. टाळ्या थांबेनात. विंगेत नाना पुढची ओळ ओठांवर घेऊन उभे होते.

"भाऊ, मन्हं कडवं कोठे गयं?"

"विसरलो, नाना."

"व्हस असं कधी कधी," म्हणत त्यांनी रंग ओघळू नये म्हणून माझा घाम उपरण्याने हलकेच टिपला. त्या हातासाठी आज जीव तुटतो. तेव्हा मी मान फिरवली, कारण बाहेर लोक माझं नाव घेत होते.

काल भडगावला गेलो. नाना ओट्यावर बसले होते. मी हळूच बोललो. त्यांनी कानामागे हात धरला.

"जोरमा बोल, भाऊ. ऐकू येत नही."

मग मी गल्लीतली माणसं दारात येतील एवढ्या मोठ्याने म्हणालो, "नाना, तुमचं नाव मी मुद्दाम गाळलं. माझं चुकलं."