एका गुडघ्यावर
परवा भाच्याने स्वतःच्या अंगावर सेंटचा स्प्रे मारला आणि मला सणसवाडीतली आमची भाड्याची खोली आठवली. तिथे आम्हा तिघा मित्रांत मिळून एकच बाटली होती. तेव्हा एकदा शिरूरला पाहिलेल्या पिक्चरमध्ये हिरो भर रस्त्यात गुडघ्यावर बसून मुलीला विचारतो आणि बघणारे टाळ्या वाजवतात. दुसऱ्याच सकाळी मीही स्प्रे मारून, गुलाब घेऊन कंपनीच्या बसथांब्यावर पॅकिंगमधल्या एका मुलीपुढे तसाच बसलो. मित्रांनी शिट्ट्या मारल्या. ती हळूच म्हणाली, "उठा ना. माझ्या गावची माणसं हायत हितं. घरी कळलं तर मला कामाला कोण सोडंल?" मी उठलो नाही, कारण पिक्चरमधली मुलगीही आधी नाहीच म्हणाली होती. त्यानंतर ती कधीच बसला आली नाही. माझ्या पँटच्या गुडघ्याची माती मात्र एका धुण्यात निघाली.