उष्टे डोळे

कॉलनीत त्यांना सगळे शी-काकू म्हणायचे. शिळं फरसाण, देवळासमोर उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, न वाचता ठोकलेली सही, सगळ्यांवर त्यांचा एकच शेरा: "शी!" तोंड असं वाकडं करायच्या की आपल्याच अंगाला वास येतोय की काय, असं समोरच्याला वाटावं. मूळच्या सटाण्याकडच्या. भडकल्या की अहिराणीत शिरायच्या.

नाशिकमधल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी उभी हयात रक्तातल्या पेशी मोजल्या. दुसऱ्यानं बघितलेली स्लाइड पुन्हा तपासायला आली, की त्याच्या निकालाचा कागद आधी पालथा घालून ठेवायच्या. "आधी मी बघणार, मग तुमचं वाचणार," असं डॉक्टरांनाही ऐकवायच्या.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आपल्या आकाशगंगेसारख्याच एका सर्पिल दीर्घिकेत नवे तारे कुठे जन्मतात हे शोधायला शास्त्रज्ञांनी सामान्य लोकांची मदत मागितली, तेव्हा मी कॉलनीचा ग्रुप जमवला. रोज मोबाइलवर दीर्घिकेच्या फोटोचे काही तुकडे यायचे. निळसर ताऱ्यांचा पुंजका दिसला की भोवती गोल काढायचा. एकच तुकडा अनेकांना दाखवतात, म्हणजे एकाची चूक बाकीच्यांच्या नजरेतून सुटत नाही. काकू लगेच तयार. त्यांच्या डोळ्याचा पडदा बिघडत चालला होता. "डॉक्टर म्हणतो वर्षभर दिसेल. मग वर्षभर हेच," म्हणाल्या. रोज जेवण झालं की चष्म्यावर भिंग धरून बसायच्या. एका तुकड्याला पाऊण तास!

बाकीच्यांना एवढा दम कुठला? "सर, उत्तरं टाका ना," सुरू झालं. आणि मी, सांगायला लाज वाटते, टाकू लागलो. ग्रुपचं नाव वर यावं, सगळ्यांना सर्टिफिकेट मिळावं म्हणून रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये माझं गोल काढलेलं चित्र. लोक बघून उतरवायचे. काकूंना वाटायचं, ही कालच्या झालेल्या कामाची चित्रं.

एकदा मी घाईत, मध्येच आड आलेला आपल्याच आकाशगंगेतला एक साधा तारा पुंजका म्हणून गोलात घातला. बावीस जणांनी तोच गोल काढला. काकूंनी नाही. काम पाठवलं की कुणी काय काढलं ते ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसायचं. त्यावर एका गृहस्थांनी ग्रुपवर लिहिलं, "काकू, तुमचं चुकलं. सरांच्या उत्तराशी जुळत नाही."

दहा मिनिटांत काकू दारात.

"हाई काय शे?" फोन माझ्या नाकासमोर. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. "बावीस माणसं आणि डोळे दोनच! शी! अरे, तुला उत्तरं येत होती तर लोकांचे डोळे मागितले कशाला? लिही त्या शास्त्रज्ञांना. आत्ता. आमचं सगळं फेकून द्या म्हणावं."

लिहिलं. काही महिन्यांनी उत्तर आलं: ग्रुपचं काम काढून टाकतो, पण ज्यांनी स्वतः बघून केलं असेल त्यांची नावं कळवा, त्यांचं ठेवू. मी उड्या मारत काकूंकडे गेलो. तोवर त्यांना माझा चेहराही धड दिसत नव्हता. पुन्हा ते सारं करणं शक्यच नव्हतं.

"माझं नाव नको देऊ," त्या म्हणाल्या.

"अहो काकू, तुम्ही कुठे कॉपी केली?"

"सकाळी तुझं चित्र समोर यायचं. नजर पडायचीच. त्यातलं काय माझं नि काय तुझं, आता मलाच सांगता येणार नाही. डोळे उष्टे झाले माझे. फेक म्हण."

पदरानं डोळे टिपले. रडतायत का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. नंतर मी एकट्यानं, कुणाला न विचारता, तीसेक तुकडे केले. परवा शास्त्रज्ञांचं काम संपलं आणि मदत करणाऱ्यांची यादी आली. आमच्या कॉलनीतलं त्यात एकच नाव, माझं. लोकांनी गेटजवळच्या फळ्यावर माझा हसरा फोटो लावलाय. काकूंचा एक गोलसुद्धा कुठे उरलेला नाही. मला स्वतःची किळस येते. रोज कॉलेजला जाताना त्या फळ्यापाशी थांबतो, आणि फोटो तसाच ठेवून पुढे जातो.